भोंगा, ख्याल आणि दीर्घ श्रवण

चंदीगड शहराचा आराखडा 1951 मध्ये सिद्ध करताना ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने मानवी देहाची कल्पना नजरेसमोर ठेवली होती. त्या कल्पनेप्रमाणे विधानभवन, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांचा समूह हे शहराचे मस्तक, सेक्टर सतरामधील बाजारपेठ हे हृदय, मधून जाणारी उद्यानांची दरी ही फुप्फुसे, विद्यापीठ व इतर शिक्षणसंस्था ही बुद्धी, सात श्रेणींत विभागलेले रस्ते या रक्तवाहिन्या आणि आग्नेयेकडील इंडस्ट्रियल एरिया हे उदर, अशी अवयवांची वाटणी तेथील प्रशासनाच्या दफ्तरात आजही सांगितली जाते.

देहात उदर झाकलेले असते, आणि या शहरातही कारखान्यांचा परिसर असाच आडोशाला ठेवला गेला. धूर आणि गोंगाट वस्तीवर येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून त्याची जागा मुक्रर झाली, निवासी सेक्टर आणि तो यांच्यामध्ये झाडांचा पट्टा राखला गेला, आणि मालाची ने-आण सोयीची व्हावी म्हणून रेल्वेमार्गाचे सान्निध्य साधले गेले. पुढे त्याचे फेज एक आणि फेज दोन असे भाग झाले. 2005 मध्ये प्रशासनाने भूखंडधारकांना ठराविक आकार भरून कारखान्याच्या जागेचा व्यापारी उपयोग करण्याची मुभा दिली, आणि त्या एका तजवीजेने या मुलखाचे रूप पालटू लागले. 2013 मध्ये फेज एकमध्ये एलांते हा प्रचंड मॉल उघडला. आज एका भूखंडावर पत्र्याच्या छपराखाली लेथ आणि पॉवर प्रेस चालू असतात, तर जवळच्याच दुसऱ्या भूखंडावर काचेच्या दर्शनी भिंतींचे हॉटेल किंवा मोटारींचे दालन उभे असते; आणि पाळी सुटण्याच्या सुमारास, यंत्रांचा आवाज ओसरू लागतो न लागतो तोच, उपाहारगृहांच्या ध्वनिवर्धकांतून गिटार आणि ड्रम यांचा आवाज रस्त्यावर येऊ लागतो.

येथून थोड्याच अंतरावर, सेक्टर अठरामध्ये, टागोर थिएटर आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1961 मध्ये उभारलेल्या आणि आदित्य प्रकाश यांनी आखलेल्या या नाट्यगृहात, 1956 मध्ये स्थापन झालेल्या प्राचीन कला केंद्राचे भास्करराव नृत्य व संगीत संमेलन भरत आले आहे. एका बाजूला विजेची गिटार आणि दुसऱ्या बाजूला तानपुरा, अशा या दोन ठिकाणांचे श्रोते एकमेकांना परके असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज मला मान्य नाही. रॉक संगीताच्या ज्या शाखेला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, तिच्या श्रोत्यांमध्ये आणि अभिजात संगीताच्या श्रोत्यांमध्ये गेली साठ वर्षे अखंड ये-जा चालू आहे. आणि त्या वाटेचा एक महत्त्वाचा दुवा, नवल वाटेल, पण चंदीगड शहराच्या जन्मकथेतच सापडतो.

वास्तुविशारदाच्या कचेरीतील संगीतकार

ल कॉर्ब्युझिए याची आई पियानोची शिक्षिका होती आणि थोरला भाऊ आल्बेर हा व्हायोलिनवादक व संगीतकार होता. स्वराचा अखंड प्रवाह माणसाने सप्तकात विभागला आणि त्यामुळेच संगीत लिहिता व स्मरणात ठेवता आले, तशीच काही मापे दृष्टीच्या प्रांतातही असावीत, या विचारातून त्याने 'मॉड्युलर' ही प्रमाणपद्धती बांधली आणि चंदीगडच्या प्रमुख इमारती तिच्या आधारे उभ्या केल्या. पॅरिसमधील त्याच्या कचेरीत 1947 पासून यानिस झेनाकिस नावाचा एक निर्वासित ग्रीक अभियंता काम करीत होता. महायुद्धाच्या अखेरच्या काळात ग्रीसमधील अंतर्गत लढ्यात त्याचा एक डोळा गेला होता. दिवसा तो काँक्रीटची गणिते मांडी आणि उरलेल्या वेळात संगीतरचना करी. संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ याच्याकडे तो शिकण्यासाठी गेला असता, हार्मनीचे रूढ शिक्षण घेण्यापेक्षा स्वतःचे गणित आणि वास्तुज्ञान यांचाच संगीतात उपयोग कर, असा सल्ला त्याला मिळाला.

चंदीगडच्या सचिवालयाच्या दर्शनी भागात काचेच्या तावदानांमधील काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या समान अंतरांवर नाहीत. त्या कोठे दाटून येतात, कोठे विरळ होतात. अंतरांची ही लय बसवण्याच्या पद्धतीत झेनाकिसचा मोठा वाटा होता, आणि कॉर्ब्युझिएने तिला संगीताचेच नाव दिले होते. ज्याने ठाय, दुगुण आणि चौगुण कानाने ऐकली आहे, त्याला सचिवालयासमोर उभे राहून ही लय डोळ्यांनी वाचता येते. त्याच सुमारास, 1953-54 मध्ये, झेनाकिसने 'मेटास्टासिस' ही वाद्यवृंदाची रचना केली. तिच्यातील तंतुवाद्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर तुटकपणे न जाता सलग सरकत जातात, आणि त्या सरकण्याच्या रेषा त्याने प्रथम आलेखाच्या कागदावर काढल्या होत्या. मींडेवर पोसलेल्या आपल्या कानाला ही रचना, तिचा कर्कशपणा जमेस धरूनही, पाश्चात्त्य संगीताच्या पुष्कळशा रचनांपेक्षा जवळची वाटण्यास हरकत नाही.

1958 च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनासाठी फिलिप्स या कंपनीने कॉर्ब्युझिएला एक मंडप उभारण्यास सांगितले. त्या काळात त्याचे चित्त चंदीगडच्या कामात गुंतलेले होते, त्यामुळे मंडपाच्या रचनेचा भार त्याने झेनाकिसवर सोपवला. संगीताच्या बाबतीत मात्र तो स्वतः अडून बसला. कंपनीला एखादा मान्यताप्राप्त संगीतकार हवा होता आणि कॉर्ब्युझिएला एदगार वारेझच हवा होता. अखेरीस वारेझने ध्वनिफितीवर रचलेली सुमारे आठ मिनिटांची 'पोएम इलेक्ट्रॉनिक' ही कृती शेकडो ध्वनिवर्धकांतून त्या मंडपाच्या वक्र भिंतींवरून फिरवली गेली.

हा वारेझ कोण होता, हे इंडस्ट्रियल एरियाच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. 1931 मध्ये पूर्ण झालेल्या 'आयोनिझेशन' या त्याच्या कृतीत तेरा वादक जवळजवळ केवळ तालवाद्ये वाजवतात आणि त्यांच्या मेळात भोंगेही आहेत. ज्या वास्तुविशारदाने कारखान्याचा भोंगा झाडांच्या पट्ट्याआड शहराबाहेर ठेवला, त्यानेच भोंग्याला वाद्यवृंदात स्थान देणाऱ्या संगीतकारासाठी एका बलाढ्य कंपनीशी हुज्जत घातली. खुद्द चंदीगडच्या विधानसभेच्या सभागृहाचे शिखरही कारखान्याच्याच मुलखातून आले आहे. अहमदाबादच्या वीजकेंद्रातील पाणी थंड करण्याचे मनोरे पाहून कॉर्ब्युझिएला तो आकार सुचला. उदर आणि मस्तक यांच्यातील अंतर नकाशावर राहिले. कलावंताने ते मानले नाही.

एका मुलाने घेतलेली तबकडी

वारेझची 'आयोनिझेशन' असलेली एक तबकडी पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियातील एका मुलाच्या हाती पडली. फ्रँक झॅप्पा हे त्याचे नाव, आणि वय तेरा-चौदा वर्षांचे. तोवर त्याच्या कानांवर कृष्णवर्णीय गायकांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीताचा संस्कार होता. तबकड्यांचे एक दुकान इतके कुशल आहे की 'आयोनिझेशन'सारखी विचित्र वस्तूही तेथे विकली जाते, अशा अर्थाचा मजकूर एका नियतकालिकात वाचून तो त्या तबकडीच्या शोधात होता; ती मिळाल्यावर त्याने तिची अक्षरशः पारायणे केली. डिसेंबर 1955 मध्ये, पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून, त्याने आईकडे न्यूयॉर्कला दूरच्या पल्ल्याचा फोन करण्याची परवानगी मागितली. वारेझ त्या दिवशी घरी नव्हता, तेव्हा मुलाने त्याच्या पत्नीशी बोलून घेतले.

याच झॅप्पाने 1966 पासून पुढे रॉक संगीतात वाद्यवृंदाचे लेखन, विषम मात्रांचे बंध आणि ध्वनिफितीच्या जोडकामाचे प्रयोग आणून प्रोग्रेसिव्ह रॉकची जमीन नांगरली. 1984 मध्ये त्याच्या काही रचना पिएर बूलेझ या श्रेष्ठ फ्रेंच संगीतकाराने स्वतः संचालन करून ध्वनिमुद्रित केल्या, आणि 1992 मध्ये फ्रँकफुर्ट येथे एन्सेंबल मॉडर्न या वृंदाने त्याच्या संगीताचे संपूर्ण कार्यक्रम केले. वारेझपासून निघून बूलेझपर्यंत पोचलेल्या या प्रवासात रॉक हा मधला मुक्काम होता, आणि तो मुक्काम त्याने कधीही सोडला नाही. ज्यांना वाटते की श्रोता रॉककडून अभिजात संगीताकडे 'वर' चढत जातो आणि मागील पायरी विसरतो, त्यांनी हा दाखला पाहावा. येथे मुलाने सुरुवातीलाच दोन्ही गोष्टी एका फोनोग्राफवर वाजवल्या, आणि आयुष्यभर त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकण्यास तो राजी झाला नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक धागा येथे मिळतो. 1979 मध्ये झॅप्पाने ज्या भारतीय व्हायोलिनवादकाच्या तबकडीची निर्मिती केली, ते एल. शंकर कर्नाटक संगीताच्या घराण्यातले होते आणि त्याआधी 'शक्ती' या वृंदाचे एक संस्थापक होते. 'शक्ती'मधील त्यांचे सहकारी म्हणजे विजेच्या गिटारने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' गाजवून आलेला जॉन मॅक्लॉफ्लिन, घटमवादक टी. एच. विनायकराम आणि माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन.

तीन मिनिटे आणि वीस मिनिटे

कानाचा हा प्रवास शक्य होण्यास एक भौतिक कारणही घडले, आणि त्याकडे रसिकांचे पुरेसे लक्ष जात नाही. 1902 पासून हिंदुस्थानात ध्वनिमुद्रित होऊ लागलेल्या तबकड्यांवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. त्या मर्यादेत आपल्या थोर गायकांनी रागाचा अर्क कसा ओतला, ही स्वतंत्र अभ्यासाची बाब आहे. परंतु बैठकीत तासभर चालणारा विस्तार त्या तबकडीवर येणे अशक्य होते. 1948 मध्ये अमेरिकेत दीर्घ वादनाची तबकडी निघाली आणि एका बाजूची मुदत वीस-बावीस मिनिटांवर गेली. 1955 मध्ये अली अकबर खाँ यांनी तिच्यावर राग वाजवले आणि त्यांची ओळख यहुदी मेन्युहिन यांनी करून दिली. रागसंगीत विस्तारासह घरोघर पोचवण्याची वाट त्या तबकडीने खुली केली.

पुढील दीड दशकात इंग्लंडमधील तरुण रॉक वादकांनी तीच मुदत आपल्या कामी लावली. किंग क्रिमझनची पहिली तबकडी 1969 ची. 1972 मध्ये येस या वृंदाने 'क्लोज टू द एज' ही चार भागांची रचना केली, जी तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. त्याच वर्षी जेनेसिसची सुमारे तेवीस मिनिटांची 'सपर्स रेडी' आली, आणि जेथ्रो टल या वृंदाने तर 'थिक ॲज अ ब्रिक' ही एकच रचना तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरली. तीन मिनिटांच्या गाण्यात कडवे, धृपद आणि पुन्हा कडवे एवढीच अपेक्षा असते. वीस मिनिटांच्या रचनेत श्रोत्याला आरंभीचे बीज स्मरणात ठेवावे लागते, ते बारा मिनिटांनी वेगळ्या वेषात आले तर ओळखावे लागते, आणि मधल्या ओसाड प्रदेशात धीर धरावा लागतो. हीच शिस्त सिंफनी ऐकणाऱ्याला लागते. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला तर ती अधिकच लागते.

पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे नेणारी दारे या मंडळींनी स्वतःच उघडी ठेवली होती. जेथ्रो टलने 1969 मध्ये बाखच्या ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या एका नृत्यरचनेला बासरीवर नवा घाट दिला. येसच्या मैफलींचा प्रारंभ स्त्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'मधील अखेरच्या भागाच्या ध्वनिमुद्रणाने होई, आणि सहस्रावधी तरुणांनी स्त्राविन्स्की प्रथम ऐकला तो अशा रीतीने, दिवे मालवलेल्या सभागृहात, आपल्या आवडत्या वादकांची वाट पाहताना. इमर्सन, लेक अँड पामर या त्रयीने मार्च 1971 मध्ये न्यूकॅसल येथे मुसोर्गस्कीची 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' सादर केली. मूळ रचना 1874 ची, केवळ पियानोसाठी. 1922 मध्ये राव्हेलने ती वाद्यवृंदासाठी सजवली. आणि आता ती ऑर्गन, सिंथेसायझर व ड्रम यांच्यावर आली. या तिन्ही आवृत्त्या क्रमाने ऐकणाऱ्या श्रोत्याला एकच संगीत-आशय निरनिराळ्या वाद्यांत कसा पालटतो, याचे शिक्षण कोणत्याही गुरूवाचून मिळते. याच त्रयीतील कीथ इमर्सनने अर्जेंटिनाच्या आल्बेर्तो जिनास्तेरा याच्या पियानो कंचेर्तोतील एका भागाची स्वतः केलेली मांडणी प्रत्यक्ष त्या संगीतकारासमोर नेली, आणि त्याची संमती मिळवल्यावरच 1973 मध्ये ती प्रसिद्ध केली. आदराची ही रीत आपल्याकडील गुरुपरंपरेत वाढलेल्या माणसाला सहज उमगेल.

मात्रा मोजणारा कान

भारतीय श्रोत्यासाठी या वाटेवर आणखी एक दार आहे, आणि ते पाश्चात्त्य श्रोत्याला इतक्या सहजी मिळत नाही. ते दार तालाचे. प्रोग्रेसिव्ह रॉकची ओळख सांगणाऱ्या लक्षणांपैकी विषम मात्रांचे आवर्तन हे प्रमुख लक्षण आहे. पिंक फ्लॉइडचे 1973 मधील 'मनी' हे गाणे सात मात्रांत चालते; जेथ्रो टलचे 'लिव्हिंग इन द पास्ट' पाचांत; जेनेसिसच्या 'सपर्स रेडी'तील एक भाग नऊ मात्रांत, तीन, दोन आणि चार अशा खंडांनी; किंग क्रिमझनच्या 1974 मधील 'स्टारलेस'चा मोठा मध्यभाग तेरांत. चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर वाढलेल्या श्रोत्याला हे बंध प्रथम अडखळल्यासारखे वाटतात. ज्याने बालपणी रूपकातील भजन आणि झपतालातील बंदिश ऐकली आहे, तो 'मनी'च्या दुसऱ्याच आवर्तनात मांडीवर बोट धरतो.

या बाबतीत पंजाबच्या भूमीचा अधिकार मोठा आहे. लयकारीच्या बिकट वाटांसाठी ख्यात असलेले तबल्याचे पंजाब घराणे लाहोरच्या मियाँ कादिरबक्ष यांच्याकडून जम्मूच्या फगवाल गावातून आलेल्या अल्लारखाँकडे आले, त्यांच्याबरोबर मुंबईस आले आणि त्यांचे पुत्र झाकीर हुसेन यांच्या हातून 'शक्ती'त गेले. महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या विषम आवर्तनांमागे जी ओढ होती ती येथे आपल्या उगमाशी येऊन मिळाली. चंदीगडपासून पतियाळा साठ-सत्तर किलोमीटरांवर आहे, ज्याच्या घराण्याची गायकी बडे गुलामअली खाँ यांनी देशभर नेली; जालंधरला 1875 पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरत आले आहे. आणि मराठी वाचकाने हेही स्मरावे की कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते पुण्यात वा मुंबईत नव्हे, पंजाबची तत्कालीन राजधानी असलेल्या लाहोरात. राजदरबार आणि कोठ्या यांच्या हद्दीत अडकलेले संगीत सामान्य गृहस्थाच्या मुलाबाळांना शिकवावे, हा त्यांचा मनसुबा होता. म्हणजे श्रोत्यांचे वर्तुळ रुंद करण्याचे एक मोठे मराठी कार्य याच मुलखात सुरू झाले होते.

मराठी घरांतील दोन उदाहरणे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. बेळगावात 1925 मध्ये जन्मलेल्या शोभा गुर्टू या ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर यांना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम लाभली होती. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांनी तबल्याचे शिक्षण घेतले, सत्तरीच्या दशकात युरोप गाठला, जर्मनीतील 'एम्ब्रियो' या प्रयोगशील रॉक वृंदाबरोबर वादन केले, पुढे 'ओरेगॉन' या वृंदात आणि जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत ते गेले. आणि 1988 मध्ये 'उस्फ्रेत' ही आपली तबकडी काढली तेव्हा तिच्यासाठी आईलाच गायला बोलावले. ठुमरीची लचक आणि विजेच्या वाद्यांचा गजर एकाच ध्वनिमुद्रणात शेजारी बसले, ते आईने मुलाचे जग परके मानले नाही म्हणून. दुसरे उदाहरण शंकर महादेवन यांचे. चेंबूरमध्ये वाढलेल्या आणि श्रीनिवास खळे यांच्याजवळ शिकलेल्या या गायकाने 'शक्ती'च्या उत्तरावतारात प्रवेश केला, आणि त्या वृंदाच्या 'धिस मोमेंट' या तबकडीला फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. खळ्यांच्या चालींतील वळणे ज्याने गळ्यावर चढवली आहेत, त्याला मॅक्लॉफ्लिनच्या गिटारची वक्र चाल अनोळखी वाटण्याचे कारणच नव्हते. त्याच वर्षीच्या 15 डिसेंबर रोजी झाकीर हुसेन निवर्तले.

वाट कोठे अडते

या वाटेवर अडथळे नाहीत असे म्हणणे श्रोत्यांची दिशाभूल करणारे ठरेल. रॉककडून ख्यालाकडे येणाऱ्याची पहिली अडचण हार्मनीची असते. त्याच्या कानाला एकाच वेळी अनेक स्वरांचे थर आणि आधारस्वराचे स्थलांतर यांची सवय झालेली असते. ख्यालात षड्ज अढळ राहतो आणि वैचित्र्य सारे स्वरांच्या परस्परसंबंधात, लगावात आणि विश्रांतिस्थानांत असते. दुसरी अडचण गतीची. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेते, आणि समेची वाट पाहण्यातील रस कळेपर्यंत नवख्याला काहीच घडत नाही असा भास होतो. तिसरी बाब अधिक मूलगामी आहे : प्रोग्रेसिव्ह रॉकची रचना बहुधा पूर्वनियोजित असते आणि ध्वनिमुद्रणशाळेत पक्की होते, तर ख्याल श्रोत्यांसमक्ष वाढतो. किंग क्रिमझनने 1973-74 च्या मैफलींत सर्वस्वी उत्स्फूर्त वादनाचे जे धाडस केले, ते त्या परंपरेत अपवाद म्हणूनच गणले पाहिजे.

उलट दिशेने जाणाऱ्या ख्यालप्रेमी श्रोत्याला आवाजाची तीव्रता, विजेच्या वाद्यांचा खरखरीत पोत, भावाचे आकस्मिक पालट आणि षड्जाचे हलणे यांचा त्रास होतो. 'क्लोज टू द एज'चा आरंभ दाट आणि वादळी आहे व शांत भाग मध्यावर येतो. विलंबितापासून द्रुतापर्यंत चढत जाणाऱ्या क्रमाची सवय असलेल्याला हा क्रम उफराटा वाटतो. तो दोष मानू नये. त्या संगीताचा तो शिरस्ता आहे.

या ठिकाणी वामनराव देशपांडे यांच्या 1961 मधील 'घरंदाज गायकी' या ग्रंथाचा मला मोठा आधार वाटतो. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून, किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी आणि जयपूर त्यांच्या समतोलापाशी, अशी मांडणी त्यांनी केली. हीच मोजपट्टी प्रोग्रेसिव्ह रॉकला लावून पाहिली तर पिंक फ्लॉइड स्वराच्या बाजूस, किंग क्रिमझन लयीच्या बाजूस आणि येस मध्याच्या आसपास पडतो, असे माझे मत झाले आहे. यातून व्यवहारात उपयोगी पडणारे एक अनुमान निघते. फ्लॉइडच्या लांबवलेल्या गिटारस्वरांत रमणाऱ्याने अब्दुल करीम खाँ आणि त्यांच्या परंपरेतील आलापापासून प्रारंभ करावा. क्रिमझनच्या मात्रांच्या कोड्यांत रंगणाऱ्याने एकल तबलावादन किंवा फैयाझ खाँ यांच्या आग्र्याच्या बोलबांटीपासून. सर्वांना एकाच दाराने आत घेण्याचा अट्टहास केल्यामुळे आपण आजवर पुष्कळ चांगले श्रोते उंबऱ्यावरूनच परत पाठवले आहेत.

अशोक रानडे यांनी भारतीय संगीताचे कोटिक्रम मांडताना आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन या कोटींबरोबर संगमसंगीताचीही स्वतंत्र कोटी मानली. वेगळ्या संगीतांच्या मिलनातून निघालेल्या संगीताला त्यांनी भेसळ म्हणून हिणवले नाही. त्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या निकषांवर व्हावी, असा त्या मांडणीचा आशय मी घेतो. संगमाचा विचार संगीताप्रमाणे श्रोत्यालाही लागू पडतो. डिसेंबर 2009 मध्ये पवईच्या आयआयटीत, विद्यार्थ्यांच्या मूड इंडिगो महोत्सवात, पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश प्रोग्रेसिव्ह वृंद वाजवून गेला. अशा रात्री मैदानात उभे राहणाऱ्या आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात सतरंजीवर बसणाऱ्या तरुणांना परस्परविरोधी पक्षांत घालण्याचे कारण नाही. दोन्हीकडे दीर्घ रचनेसाठी वेळ काढून आलेली माणसे असतात, आणि त्यांच्यापैकी काही माणसे तीच असतात.

श्रोता घडवण्याची जबाबदारी

आज मनोरंजनाचा सारा व्यापार अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवर चालला आहे, आणि या अवस्थेत ज्याला वीस मिनिटे एका रचनेपाशी स्थिर बसता येते, तो श्रोता, मग ती रचना कोणतीही असो, अभिजात संगीताचा स्वाभाविक मित्र आहे. त्याला हिणवणे हे आपल्या संगीताच्या हिताविरुद्ध आहे. इंडस्ट्रियल एरियातील पाळी संपवून कानांत इअरफोन घालून घरी निघालेला तरुण तंत्रज्ञ जर 'स्टारलेस'च्या तेरा मात्रा मोजत असेल, तर टागोर थिएटरमधील संमेलनाला त्याच्याहून योग्य प्रेक्षक मिळणार नाही. उणीव असलीच तर ती त्याला बोलावणाऱ्याची.

म्हणून संगीतसभांच्या चालकांना माझी सूचना अशी की, वर्षातून एक तरी बैठक अशी भरवावी जिच्यात गायनापूर्वी तालाचे आवर्तन हाताने धरून दाखवले जाईल, रागाचे चलन दहा मिनिटांत समजावले जाईल, आणि प्रवेशशुल्क विद्यार्थ्याला व कामगाराला झेपेल असे असेल. पलुस्करांनी लाहोरात आरंभलेल्या कार्याचे ते आजचे रूप ठरेल. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या खोलीतून येणारा आवाज बंद करण्यापूर्वी ती रचना एकदा अखेरपर्यंत त्याच्या शेजारी बसून ऐकावी, आणि मुलांनी त्या बदल्यात एक बडा ख्याल मध्ये न उठता ऐकावा.

वाचकांना विनंती एवढीच, की या दिवाळीत सवड काढून रूपकातील एक विलंबित रचना आणि पिंक फ्लॉइडचे 'मनी' ही दोन्ही एकाच बैठकीत, सात मात्रा बोटांवर धरून ऐकावीत, आणि मग ही वाट खरी आहे की नाही, याचा निवाडा आपल्याच कानाने करावा.